सणावारांची कार्डे : घराण्याचा एक दुर्लक्षित ठेवा

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात सेलू येथे दिलेले भाषण)



या व्यासपीठावरून दरवर्षी शिष्यवृत्त्या, वसतिगृह, विवाह आणि खर्चाची काटकसर यांविषयी बोलले जाते, आणि ते बोललेही पाहिजे. आज मात्र आम्ही एका लहानशा वस्तूविषयी बोलणार आहोत. ती साडेपाच इंच लांब आणि साडेतीन इंच रुंद, एवढीच असते. दिवाळीस, पाडव्यास, दसऱ्यास आणि विशेषतः संक्रांतीस आपल्या घरी येणारे टपालाचे कार्ड, हाच आजचा विषय. कोणी म्हणेल, मंडळापुढे मांडण्याजोगी ही गोष्ट आहे काय? आमच्या मते आहे. आणि ती उद्यावर टाकण्यासारखी नाही, कारण ज्या वाड्यांतून ही कार्डे होती ते वाडे आपल्या डोळ्यांदेखत उतरविले जात आहेत, आणि माळ्यावरचे सामान एका दिवसात रद्दीच्या गाडीवर चढते.

आपल्याकडील जुन्या घरांत ओसरीवर किंवा माजघराच्या दाराशी, खुंटीला एक जाड तार टांगलेली असे. तिच्या खालच्या टोकाला लाकडाची चकती आणि वरचे टोक आकड्यासारखे वाकविलेले. आलेले पत्र वाचून झाले, घरातील सर्वांना वाचून दाखविले, की ते त्या तारेत ओवायचे. कार्डाच्या बरोबर मध्यावर भोक पडे; अक्षर तुटले तरी त्याची कोणी पर्वा करीत नसे. तार भरली की ती उतरवून माळ्यावर ठेवावयाची आणि दुसरी टांगावयाची. आमच्या आजच्या पुष्कळ घरांतून घराण्याचे दप्तर म्हणून जे काही उरले आहे ते एवढेच आहे. जमिनीचे कागद वाटणीत गेले, दागिने मोडले गेले, भांडी कल्हईवाल्याकडून मोडीत गेली. तार मात्र कोणालाच नको होती, म्हणून ती राहिली.

या तारेचा एक विशेष आमच्या लक्षात आला, तो सांगतो. अशुभ वार्तेचे पत्र घरात ठेवावयाचे नाही, अशी आपली रीत. तसे कार्ड कोपरा फाडलेले येई, दाराबाहेर वाचले जाई आणि तेथेच फाडून टाकले जाई. पुढची वाट स्नानाची. उलट मंगल पत्राच्या कोपऱ्यांस हळदकुंकू लागे, आणि ते तारेत जाई. याचा परिणाम असा, की तारेत मृत्यू सापडत नाही. सापडतात त्या दिवाळ्या, संक्रांती, बारशी आणि मुंजी. जणू त्या घरात पन्नास वर्षे दुःख म्हणून शिरलेच नाही! परंतु बारकाईने पाहणाऱ्यास ते दिसते. एका संक्रांतीस पत्त्यावर किंवा नमस्कारात ‘सौ.’ असते आणि पुढच्या संक्रांतीस त्याच नावामागे ‘गं. भा.’ येते. मधल्या वर्षी एक कार्ड आले होते आणि ते दाराबाहेर फाडले गेले, हे कोणी न सांगता कळते. ‘चि.’ म्हणून दरवर्षी ज्याला आशीर्वाद येत होते ते नाव एकाएकी गळते, तेव्हाही तेच. ज्या घराण्यात मृत्यूच्या तिथी विस्मृतीत गेल्या आहेत त्यांनी आपल्या तारा या दृष्टीने एकदा वाचून पाहाव्यात.

आता आमचा मुख्य मुद्दा. आपल्या मंडळाने आणि आपल्यापैकी कित्येक कुटुंबांनी परिश्रमाने वंशावळी सिद्ध केल्या आहेत. त्या आम्ही आदराने पाहिल्या. सात-सात, आठ-आठ पिढ्यांची नावे त्यांत आहेत. पण ती बापाची, मुलाची आणि नातवाची आहेत. सून आली तर ‘पत्नी’ या शब्दापुरती, आणि लेक तर बहुधा नाहीच. ‘कन्या २’ असा आकडा असला तर तो उदारपणाच समजावयाचा! या मुली कोठे दिल्या, जालन्यास की मानवतास, त्यांची सासरची नावे काय, त्यांना मुले किती, हे वंशावळीस ठाऊक नाही. ते ठाऊक आहे तारेला.

कारण घरात व्यवहाराची पत्रे पुरुष लिहीत. शेत, सावकार, कोर्ट, सोयरीक हा त्यांचा प्रांत. दिवाळी आणि संक्रांत हा बायकांचा. माहेरी येणे जमले नाही तर भाऊबीजेला कुंकवाचे बोट उठविलेले कार्ड येई, आणि भावाकडून ओवाळणी मनिऑर्डरने जाई. तिच्या कुपनावरचे चार शब्दही कित्येक बहिणींनी जपून ठेवलेले आम्ही पाहिले आहेत. संक्रांतीस नणंदेकडून भावजयीला आणि भावजयीकडून नणंदेला तिळगुळाचे कार्ड. वर्षभर ज्यांचे नाव कोणत्याही कागदावर उमटत नसे त्या स्त्रिया या दोन सणांना आपल्या नावाची सही करीत. सेलूतील एका घरच्या तारेत एकाच आत्याबाईंची अनेक वर्षांची कार्डे आम्ही ओळीने पाहिली. पहिल्या काही कार्डांत सगळा मजकूर यजमानांच्या हातचा आहे, खाली फक्त ‘हिचाही नमस्कार’. मग एका वर्षी तळाशी वेड्यावाकड्या बालबोध अक्षरांत एकच नाव येते. काना-मात्रा चुकलेल्या, पण नाव स्वतःचे. त्यानंतर दोन ओळी, मग अर्धे कार्ड. शेवटच्या कार्डांत समास सोडण्याचे भानही उरलेले नाही. जागा पुरली नाही म्हणून पत्त्याच्या बाजूने उलटे लिहिले आहे आणि भावजयीला लोणच्यातल्या मोहरीवरून चांगलेच बोलून घेतले आहे. त्या घराण्याच्या छापील वंशावळीत या बाईंचे नाव नाही.

आम्हांस याहून मोठा पुरावा दाखवावयाचा नाही.

वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करावयास आरंभ केला आणि बावीस खंड सिद्ध केले, ते कशाच्या बळावर? वाड्यावाड्यांतून हिंडून मिळविलेल्या खाजगी घराण्यांच्या कागदांच्या. १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले तेही याच निष्ठेतून. त्या कागदांत सरदार होते, कारकून होते. आपल्या तारांत एखादी आत्या आहे आणि एखादी मावशी. कागदाचे मोल ठरविताना आम्ही हा भेद मानीत नाही.

कार्डाचा जन्मही तसा फार जुना नव्हे. ऑस्ट्रियाने १८६९ च्या ऑक्टोबरात पहिले कार्ड काढले. हिंदुस्थानात ते १ जुलै १८७९ रोजी आले आणि पाव आण्याला मिळू लागले. पुढे १९२२ साली ते अर्ध्या आण्याचे झाले. परंतु आपण होतो निजामाच्या राज्यात, आणि येथील कथा निराळी. हैद्राबाद संस्थानाचे टपाल स्वतंत्र होते. त्याची तिकिटे १८६९ पासून निघत आणि पुष्कळ तिकिटांवर फारसी लिपीबरोबर इंग्रजी, तेलुगू आणि आपली मराठी अक्षरेही असत. हे टपाल संस्थानाच्या सरहद्दीपुरते चाले. म्हणून निजामशाही छापाचे कार्ड तारेत दिसले तर ते संस्थानातूनच आलेले, आणि इंग्रज बादशहाच्या मुखवट्याचे कार्ड असेल तर त्याच्या मागे इंग्रजी टपालाची वाट आहे, एवढे प्रथमदर्शनीच कळते. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परतूर, सेलू, मानवत रोड, परभणी अशी हैद्राबादकडे जाणारी गाडी १९०० च्या सुमारास सुरू झाली तेव्हापासून आपल्या गावाचे टपाल वाढले. वर्धा जिल्ह्यातही एक सेलू आहे, म्हणून लेकीसुना पत्त्यावर ‘निजाम स्टेट’ किंवा ‘जिल्हा परभणी’ असे जाड अक्षरांनी लिहीत. तरीही एखादे कार्ड वऱ्हाडाकडची यात्रा करून येईच.

तारीख वाचणे हे थोडे कौशल्याचे काम आहे. शिक्का पुसट असतो, आणि लिहिणाऱ्याने तिथी घातलेली असली तरी सन कधी शक असतो, कधी फसली. शकात ७८ मिळविले की इसवी सन येतो. पण संक्रांतीचे कार्ड पौषातले, म्हणजे तोवर इंग्रजी वर्ष पालटलेले असते, म्हणून तेथे ७९ मिळवावे. शके १८५५ ची दिवाळी १९३३ ची, आणि त्याच शकातली संक्रांत १९३४ ची. संस्थानचे फसली साल ऑक्टोबरात बदले. ऑक्टोबरअखेरच्या किंवा नोव्हेंबरातल्या दिवाळीस फसली सनात ५९० मिळवावे, संक्रांतीस ५९१. सन मुळीच नसेल तर पत्ता पाहावा. ‘हैद्राबाद स्टेट’ असेल तर ते १९५६ पूर्वीचे. ‘मुंबई राज्य’ असेल तर १९५६ च्या नोव्हेंबरापासून १९६० च्या एप्रिलअखेरपर्यंतचे. तिकिटावर ‘नये पैसे’ असतील तर १९५७ ते १९६४ या काळातले. आणि पत्त्याखाली पिनकोडाचे चौकोन छापलेले असतील तर १९७२ नंतरचे. पोरांनी तिकिटे फाडून घेतलेली कार्डे टाकून देऊ नयेत. पत्ता पुष्कळदा तेवढेच सांगतो.

या हिशेबाने तारा लावून पाहताना एक जागा अशी येते, की तेथे हात थांबतो. ती म्हणजे १९४७ ची दिवाळी आणि १९४८ ची संक्रांत. रझाकारांच्या त्या दिवसांत मराठवाड्यातील कित्येक कुटुंबे सरहद्दीपलीकडे, वऱ्हाडात, नगराकडे, सोलापुराकडे निघून गेली होती. त्या दोन सणांची कार्डे घरच्या पत्त्यावर नाहीत. कोणाच्या मामाच्या, कोणाच्या व्याह्याच्या पत्त्यावर आहेत, किंवा मुळीच नाहीत. तार तेथे विरळ होते. आणि मग १७ सप्टेंबर १९४८ नंतरची पहिली दिवाळी. त्या वर्षीचे कार्ड ज्यांच्या घरी असेल त्यांनी ते देव्हाऱ्यातल्या टाकांइतकेच जपावे, असे आम्ही निःसंकोच म्हणतो. मजकूर नेहमीचाच असेल. शिरसाष्टांग नमस्कार, क्षेमकुशल, लोभ असावा. पण पत्ता पुन्हा आपल्या घरचा असेल.

चित्रांच्या कार्डांविषयी दोन शब्द बोलल्यावाचून पुढे जाता येत नाही, कारण संग्राहकांचे लक्ष बहुधा त्यांच्याकडेच असते. युरोपात नाताळ व नववर्षाच्या रंगीत कार्डांची लाट पहिल्या महायुद्धापूर्वी उसळली, आणि तीतील उत्तम छपाई जर्मनीत होई. आपल्याकडे लोणावळ्याजवळ मळवलीस असलेल्या रविवर्मा छापखान्याने लक्ष्मी-सरस्वती घरोघर नेल्या, तशीच लहान कार्डेही काढली. चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी मुंबईच्या लोकजीवनाची चित्रे कार्डांसाठी काढली. आज ती जगभर नावाजली जातात आणि ओमर खान यांनी २०१८ साली इंग्रजीत प्रसिद्ध केलेल्या कार्डविषयक ग्रंथात त्यांना मानाचे स्थान आहे. फार जुन्या चित्रकार्डात मागची सबंध बाजू पत्त्याची असे, मजकूर चित्राच्या कडेला दाटून लिहावा लागे. मागची बाजू दुभागण्याची सोय इंग्लंडात १९०२ साली झाली आणि मग सर्वत्र पसरली. अशी कार्डे घरात निघाली तर आनंदच आहे. परंतु आम्ही पाहतो, की चित्राला भाव येतो आणि मजकुराला येत नाही. व्यापारी कोरे कार्ड पसंत करतो. घराण्याने नेमके उलटे करावे. कोरी रंभा विकली तरी चालेल, पण लिहिलेले पिवळे पाव आण्याचे कार्ड विकू नये.

संक्रांतीची छापील भेटकार्डे हा आणखी एक प्रकार. विड्याच्या पानाएवढी किंवा त्याहूनही लहान, काठाला सोनेरी चुरा, मध्ये पतंग, हलव्याचे दागिने ल्यालेले बाळ आणि खाली तिळगुळाच्या दोन ओळी. ही पाकिटात घालून, तोंड न चिकटवता बुक-पोस्टाने पाठवीत. दर कमी, म्हणून आत हाताने लिहिण्याची मुभाही मोजक्या शब्दांची. तेवढ्या शब्दांत सारी माया बसवावी लागे. पाकिटात चार दाणे काटेरी हलव्याचे असत. पोस्टाच्या शिक्क्याखाली त्यांचा चुरा होई, तरी तो चुरा घरातील प्रत्येकाच्या हातावर पडे. मुंग्या आणि कसर यांचे या कार्डांवर विशेष प्रेम, ते याच साखरेमुळे. म्हणून अशी पाकिटे उघडून आतील चुरा मऊ कुंचल्याने झाडून काढावा.

जतनाविषयी आम्हांस फार पांडित्य सांगावयाचे नाही, पण काही गोष्टी कळकळीने सांगतो. कार्डांस लॅमिनेशन करू नये. ते एकदा केले की कागद पुन्हा कधी मोकळा होत नाही, आणि त्यातच भाजून निघतो. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नये. काही वर्षांत तिचा डिंक पिवळा होऊन अक्षरांत उतरतो. भिंतीवर चौकटीत लावून उन्हात ठेवू नये. लावावयाचेच असेल तर त्याचे छायाचित्र लावावे. जुन्या कार्डांपैकी पुष्कळ जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीने लिहिलेली आहेत. त्या पेन्सिलीचा रंग पाण्याने सुटतो. ओला बोळा फिरविला की अक्षर आणि कागद दोन्ही गेले. आपल्या परभणी जिल्ह्याचा उन्हाळा कागदाला कोरडा आणि ठिसूळ करतो, आणि त्यावर मृगाची सर्द हवा लागली की बुरशी धरते. यास्तव माळा ही जागा सर्वांत वाईट. पत्र्याखालची तर त्याहून. आतल्या खोलीतील कपाटात, भिंतीपासून सुटे, साध्या पांढऱ्या कागदाच्या पाकिटात एकेक कार्ड उभे ठेवावे. वेखंडाची पुरचुंडी कपाटात असावी, कार्डांना चिकटून नव्हे. दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत. आज हे काम घरातील नातवंडे फोनवर एका दुपारी करतात. मात्र चित्र फोनमध्ये आहे म्हणून मूळ टाकून देण्याचा शहाणपणा कोणी करू नये. फोन दोन-तीन वर्षांत बदलतो. पाव आण्याच्या कार्डाने शंभर वर्षे काढली आहेत.

मोडीतील कार्डांचा प्रश्न अधिक बिकट आहे. शाळांतून मोडी उठली त्याला आता दोन पिढ्या होऊन गेल्या. घरात आजोबांचे अक्षर आहे आणि ते वाचणारा कोणी नाही, अशी स्थिती. पुरते वाचता येईना तरी ती फेकू नयेत. राज्याच्या पुराभिलेख विभागातर्फे मोडीचे वर्ग घेतले जातात. आपल्या मंडळाने दोन तरुणांचा खर्च करून त्यांना तेथे पाठविले तर एका मानपत्राच्या खर्चात हे काम होईल.

एक आक्षेप आमच्यापुढे आला आहे आणि तो आम्हांस क्षुल्लक वाटत नाही. ही खाजगी पत्रे आहेत, ती चव्हाट्यावर आणावीत काय? कार्ड उघडे असते, टपालवाल्यानेही ते वाचलेले असते, असे उत्तर काही जण देतात. आम्हांस ते पटत नाही. वहिनीने नणंदेला जे लिहिले ते सबंध ज्ञातीला लिहिले नव्हते. लिहिणारी हयात असेल तर तिला विचारावे, आणि ती ‘नको’ म्हणाली तर ते ‘नको’ पाळावे. जतन करणे आणि छापणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मंडळाने मागावयाचे असेल तर मजकूर मागू नये, नावे मागावीत. कोणती लेक, कोठे दिली, कोणत्या सालापर्यंत तिचे कार्ड येत होते. पुढील वंशावळीत तेवढे आले तरी पुष्कळ झाले. यंदाच्या कार्यकारिणीपुढे आम्ही हा ठराव लेखी ठेवला आहे.

राहिला वाटणीचा प्रश्न. चार भावांनी चार ताटे वाटून घेतली तर ताट ताटच राहते. तार वाटली तर तार उरत नाही. ती एका घरी असावी आणि प्रती सर्वांकडे असाव्यात. कोणाच्या घरी, याचा निर्णय ज्याच्या त्याच्या कुलाने करावा. पण आमचे मत विचाराल तर थोरल्याकडेच, असा नेम नको. जो किंवा जी वाचील, तिच्याकडे. लेकीकडे गेली तरी ती घराबाहेर गेली असे आम्ही समजत नाही. त्यातील निम्मी कार्डे लेकींनीच लिहिलेली आहेत.

भोजनोत्तर बैठकीत ज्यांनी तारा आणल्या आहेत त्यांच्या आपण पाहणार आहोत. त्यापूर्वी एक विनंती. कार्डे तारेवरून ओढून काढू नका. गंजलेल्या तारेवरून कार्ड सरकविले की भोकाचा काठ फाटतो आणि मधली ओळ जाते. प्रथम कार्डांचा क्रम वरून खाली कागदावर लिहून घ्या. सर्वांत खालचे कार्ड सर्वांत जुने असते, आणि ज्या कार्डावर तारीख नाही त्याची तारीख शेजारची दोन कार्डेच सांगतात. हा क्रम एकदा मोडला की पुन्हा लावता येत नाही. मग वरचा आकडा पकडीने तोडा, तार उभी धरा, कानशीने तिचा गंज उतरवा आणि कार्डे एकेक करून, दोन्ही हातांनी धरून, वरच्या बाजूने उचला. पकड आणि कानस आम्ही आणली आहे.